अळवावरचं पाणी आणि बुरशीचा बीजाणू

(चिंचणी येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

विषयाचं नाव ऐकून काही जण म्हणाले, ‘बुरशीवर काय ऐकायचं? ती तर आमच्या घरात फुकट मिळते.’ खरंच आहे. चिंचणीसारख्या समुद्राकाठच्या गावात पावसाचे चार महिने काढलेल्या माणसाला बुरशी कुणी शिकवायची गरज नाही. चपलेवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर, लाकडी कपाटाच्या मागे, सुक्या बोंबलाच्या डब्यात, सगळीकडे ती असते. आज मी बुरशीतल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे: तिच्या बीजाणूच्या अंगावरचं आवरण. ते कशाचं बनलंय, कसं काम करतं, आणि ते कळल्यावर आपल्या घरातल्या, शेतातल्या कोणत्या सवयी बदलायला हव्यात.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी पाऊस संपल्यावर मी घरातलं जुनं पुस्तकांचं कपाट उघडलं. आतून सगळं हिरवट-करडं झालेलं. मी कोरडं फडकं घेतलं आणि खसाखसा झटकायला लागलो. शेजारच्या खोलीत दम्याचा त्रास असलेले माझे काका झोपले होते. तासाभरात त्यांना असा खोकला सुरू झाला की रात्री डॉक्टरांकडे न्यावं लागलं. वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस मी! बीजाणूचं आवरण कसं असतं हे वर्गात फळ्यावर काढून दाखवत होतो आणि घरी कोरड्या फडक्याने तेच बीजाणू खोलीभर उडवत होतो. तेव्हापासून मला वाटतं, की ही माहिती पुस्तकात राहून उपयोगाची नाही.

बीजाणू म्हणजे काय?

बुरशी म्हणजे मुळात बारीक धाग्यांचं जाळं. हे तंतू अन्नात, लाकडात, मातीत पसरतात आणि पाचक रस सोडून तिथलंच अन्न शोषून घेतात. अन्न संपत आलं, किंवा बुरशी पुरेशी वाढली, की काही तंतू वर हवेत उभे राहतात आणि त्यांच्या टोकाला बीजाणू धरतात. भाकरीवर जी हिरवी भुकटी दिसते ना, ती हीच. पांढरा कापूस म्हणजे तंतू, रंगीत भुकटी म्हणजे बीजाणू.

आकार किती? ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ नावाची एक बुरशी आहे. कुजणारा पेंढा, पालापाचोळा, खताचा ढीग ही तिची घरं. तिचा बीजाणू दोन ते तीन मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे शेकडो बीजाणू आपण प्रत्येक जण रोज श्वासातून आत घेतो. आत्ता या सभागृहात बसूनही घेतोय. घाबरू नका, निरोगी माणसाचं शरीर ते काढून टाकतं. कसं, ते पुढे येईलच.

या एवढ्याशा पेशीला पुढचे दिवस, महिने, कधी वर्षं काढायची असतात. ऊन लागणार, कोरडं पडणार, वाऱ्यावर उडावं लागणार, एखाद्या प्राण्याच्या नाकात जावं लागणार. या सगळ्यासाठी तिच्याकडे आहे फक्त तिचं आवरण.

कूड, घोंगडी आणि इरलं

आपल्याकडच्या जुन्या घराची भिंत आठवा. कारवीच्या काड्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप. काड्या ताण सोसतात, लेप फटी बुजवतो. बीजाणूची भिंत अगदी तशीच. काड्यांच्या जागी कायटिनचे धागे. कायटिन म्हणजे कोळंबीच्या आणि चिंबोरीच्या कवचात असतं तेच. आणि लेपाच्या जागी ग्लुकन, म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांब साखळ्या. ही आतली भिंत.

या भिंतीवर मेलॅनिनचा थर असतो. आपल्या केसांत, कातडीत असतं त्याच कुळातलं हे रंगद्रव्य, पण बुरशी ते वेगळ्या मार्गाने बनवते. ही झाली घोंगडी. मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेतं, आणि पेशीची मोडतोड करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू निष्प्रभ करतं. कांद्याच्या सालीखाली जी काळी काजळी दिसते, किंवा लिंबावर निळसर-हिरवी बुरशी येते, तो रंग बीजाणूंच्या आवरणातल्या अशाच रंगद्रव्यांचा. प्रयोगशाळेत रंग बनवणारं जनुक बंद पाडलं की त्याच अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू पांढरे होतात, आणि ते उंदरांमध्ये रोग करण्यात कमी पडतात. म्हणजे रंग हा शोभेसाठी नाही.

आणि सगळ्यात वर आहे इरलं. लावणीच्या दिवसांत डोक्यापासून पाठीपर्यंत घेतलेलं इरलं कसं पाणी अंगाला लागू देत नाही, तसा हा थर. तो बनलाय हायड्रोफोबिन नावाच्या प्रथिनांचा. नावाचा अर्थच ‘पाण्याला भिणारं’. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात योसेफ वेसल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१च्या सुमारास या प्रथिनांना हे नाव दिलं. त्यांनी ज्या बुरशीवर काम केलं ती ‘शायझोफायलम’. पावसात वाळक्या फांद्यांवर छोट्या करड्या पंख्यांसारखी उगवते, खाली चिरलेल्या पाकळ्यांसारख्या रेषा असतात. आंब्याच्या मेलेल्या फांदीवर तुम्ही ती नक्की पाहिली असेल.

आता या प्रथिनाचं रसायन थोडक्यात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हायड्रोफोबिनची माळ लहानशी, पण तिच्यात सिस्टीन नावाचे गंधकवाले मणी ठरावीक जागी आठ असतात. या आठांच्या चार जोड्या बांधल्या जातात, म्हणजे माळेला चार गाठी बसतात. त्यामुळे रेणूचा आकार पक्का राहतो, आणि त्याच्या एका बाजूला पाणी आवडतं, दुसऱ्या बाजूला आवडत नाही. अशा रेणूने करायचं काय? दूध तापवून ठेवलं की साय कुठे धरते? वरती, दूध आणि हवा जिथे भेटतात तिथे. हे रेणूही तसेच हवा आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन शेजारी शेजारी लागतात. पाणी आवडणारी बाजू आत, न आवडणारी बाहेर. अ‍ॅस्परजिलसच्या बीजाणूवर ते इतके घट्ट रचले जातात की शक्तिशाली सूक्ष्मदर्शकातून वेताच्या चटईसारखी बारीक सळ्यांची वीण दिसते. या चटईची जाडी मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पण चिवट इतकी, की साबणाच्या पाण्यात उकळली तरी विरघळत नाही. ती सोडवायला फॉर्मिक आम्लासारखी तीव्र आम्लं लागतात.

परिणाम काय? अळवाच्या पानावर पाणी टाका. थेंब मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो, पान कोरडंच. ‘अळवावरचं पाणी’ असं आपण म्हणतो, ते क्षणभंगुर गोष्टीला. पण पानाच्या बाजूने बघा, पान तर टिकूनच आहे! बीजाणू म्हणजे असं चारी बाजूंनी अळवाचं पान गुंडाळलेला जीव. पाणी त्याला भिजवत नाही, बीजाणू एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, आणि हलकीशी झुळूक आली तरी सुटे होऊन उडतात. माझ्या कोरड्या फडक्याने नेमकं हेच केलं होतं.

हे आवरण लपवतंही

आता काकांच्या फुप्फुसात काय होतं ते पाहू. रोज शेकडो बीजाणू आत जातात, तर आपल्याला सतत ताप, सूज का येत नाही? २००९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या विशुकुमार ऐमनियांडा, जाँ-पॉल लातजे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी दाखवलं की वरची चटई शाबूत असलेला, झोपलेला बीजाणू आपल्या रोगप्रतिकारक पेशींना जवळजवळ दिसतच नाही. त्या स्वस्थ असतात. पण रसायनाने चटई काढून टाकली, किंवा मुळात चटईच बनवता न येणारी बुरशी वापरली, तर त्याच पेशी खडबडून जाग्या होतात.

कारण आपल्या पेशी ओळखतात ती आतली भिंत, विशेषतः ग्लुकन. आपल्या शरीरात असं ग्लुकन नसतं, त्यामुळे ते दिसलं की ‘हा बाहेरचा’ एवढं त्यांना कळतं. आणि बीजाणूची अडचण इथेच आहे. त्याला उगवायचं असेल तर ओल घेऊन फुगावं लागतं. फुगताना चटई फाटते, घोंगडी विस्कटते आणि ग्लुकन उघडं पडतं. म्हणजे इरलं अंगावर आहे तोवर सुरक्षित, पण वाढ नाही. वाढायचं तर इरलं टाकावंच लागतं, आणि टाकलं की पकडला जातो. निरोगी शरीर याच क्षणी त्याला गाठतं. प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर गाठायला कुणी नसतं. आणि दम्यासारख्या ॲलर्जीच्या माणसात उलटा प्रकार होतो, शरीर गरजेपेक्षा जास्त चवताळतं.

२०२१ची आठवण इथे काढायलाच हवी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला, देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या फार मोठी होती. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं. ती बुरशी काळी म्हणून नव्हे. रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस काळं पडतं, म्हणून. ही बुरशी प्रामुख्याने ‘रायझोपस’, शिळ्या पावावर येते तिच्याच कुळातली. तिच्या बीजाणूंवर ‘कोटएच’ नावाची प्रथिनं असतात. जिवाणूंच्या बीजाणूच्या ‘कोट’मधल्या, म्हणजे अंगरख्यातल्या एका प्रथिनाशी त्यांचं साम्य आढळलं, म्हणून हे नाव. रायझोपस या प्रथिनांनी आपल्या नाकातल्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना धरते. पेशीवरच्या ज्या रेणूला ती धरते, तो रक्तात साखर आणि मोकळं लोह वाढलं की जास्त प्रमाणात तयार होतो. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना हा रोग का झाला, याचं एक कारण हे. बीजाणू तेव्हाही हवेत होते, आत्ताही आहेत. फरक धरायला जागा मिळण्याचा होता.

भातावरचा करपा: आवरणाची दुसरी तऱ्हा

सगळ्याच बीजाणूंना उडत राहायचं नसतं, काहींना नेमक्या जागी चिकटायचं असतं. डहाणू-तलासरीच्या भातशेतीत करपा सगळ्यांनी पाहिलाय. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. पुढे पेरं आणि लोंबीची मानही काळी पडते. याची बुरशी ‘पिरिक्युलॅरिया’.

तिच्यापुढे अडचण अशी: भाताचं पानही अळवासारखंच पाणी झटकणारं, मेणचट. त्यावर टिकायचं कसं? १९८८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की या बीजाणूच्या टोकाशी डिंकाचा छोटा साठा असतो. दंवाचा ओलावा लागला की डिंक बाहेर येतो आणि बीजाणू पानाला घट्ट चिकटतो. तो टेफ्लॉनलासुद्धा चिकटला. टेफ्लॉन म्हणजे ज्याला डोसा चिकटू नये म्हणून तव्यावर लावतात ते!

चिकटल्यावर तो अंकुर काढतो आणि टोकाला एक छोटा घुमट तयार करतो. घुमटाच्या भिंतीत पुन्हा तेच मेलॅनिन. इथे त्याचं काम वेगळं. आत ग्लिसरॉल साठतं, पाणी ओढलं जातं, आणि मेलॅनिन ते ग्लिसरॉल बाहेर झिरपू देत नाही. दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या सुमारे ऐंशी पट होतो. मोटारीच्या चाकात हवा असते ती दोन-सव्वादोन पट. या दाबाने बुरशी पानाला अक्षरशः भोक पाडते.

करप्यावर ट्रायसायक्लाझोल फवारतात, ते या मेलॅनिनच्याच मागे लागतं. बुरशीला ते थेट मारत नाही. मेलॅनिन बनू देत नाही, घुमट गळका राहतो, दाब चढत नाही, भोक पडत नाही. म्हणून ते बुरशी आत शिरायच्या आधीच पानावर असावं लागतं. सगळं पान करपल्यावर फवारलं तर जे आत शिरलंय त्याला फारसं काही होत नाही. ‘औषध खोटं निघालं’ असं म्हणण्याआधी आपण ते कधी फवारलं, हे आठवून बघावं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट घरातली. बुरशी कधीही कोरडी झटकू नका, झाडू मारू नका, पंखा लावून साफ करू नका. आणि नुसतं पाणी मारूनही भागत नाही, कारण अळवावरचं पाणी! नुसत्या पाण्याचा फवारा बसला तर तेवढ्या धक्क्यानेसुद्धा बीजाणू उडतात. साबण हवा. साबणाच्या रेणूलाही दोन बाजू असतात, एक पाण्याला धरते, दुसरी त्या न भिजणाऱ्या थराला. प्रयोगशाळेत आम्ही हे बीजाणू गोळा करताना पाण्यात ‘ट्वीन’ नावाच्या साबणासारख्या द्रवाचे काही थेंब घालतो, नाहीतर भुकटी पाण्यावर तरंगत राहते. घरी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, नाकातोंडावर मास्क, उघडी खिडकी, आणि दम्याचा माणूस त्या वेळी घराबाहेर. पुसून झाल्यावर जागा पूर्ण कोरडी करा, कारण ओल राहिली तर उरलेले बीजाणू तिथेच उगवतील.

दुसरी गोष्ट शेतातली. हुमणीसाठी मेटारायझियम किंवा इतर किडींसाठी बिव्हेरिया वापरणारे काही जण इथे असतील. ही भुकटी म्हणजे जिवंत बीजाणूच, आणि त्यांच्याही अंगावर इरलं आहे. ज्या भुकटीत भिजवणारं द्रव्य आधीच मिसळलेलं असतं, ती लगेच मिसळते. नसेल तर ती पंपात तरंगते, नळीत अडकते आणि अर्धी टाकी नुसतं पाणीच फवारलं जातं. आधी थोड्या पाण्यात, पाकिटावर सांगितलेलं चिकटद्रव घालून, भुकटीचा पातळ लगदा करा आणि मग टाकीत ओता. त्याच टाकीत बुरशीनाशक मात्र घालू नका, नाहीतर आपणच आणलेली बुरशी आपणच मारू.

तिसरी गोष्ट साठवणीची. आपल्या आज्या भात, डाळी, पापड, बोंबील उन्हात खडखडीत वाळवून मगच डब्यात भरायच्या. उन्हाने काही बीजाणू मरतात, पण मेलॅनिन त्यांना बरंच वाचवतं. उन्हाचा खरा उपयोग ओल काढण्याचा. बीजाणू त्या डब्यात असतातच, फक्त त्यांना इरलं टाकायची संधी मिळत नाही. बीजाणू आपण जगातून काढू शकत नाही. ओल मात्र आपल्या हातात आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*बुरशी आलेला भाग काढून, शेंगदाणे भाजून खाल्ले तर चालतील ना?*

नाही, आणि याचं कारण बीजाणू नाही. बुरशीचे बीजाणू उष्णतेला जिवाणूंच्या बीजाणूंइतके चिवट नसतात. बहुतेक साठ-सत्तर अंशांच्या उष्णतेत थोड्याच वेळात मरतात. पण शेंगदाण्यावरची ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. ते यकृताच्या कर्करोगाला कारण होतं, आणि साध्या भाजण्या-शिजवण्याने ते पूर्ण जात नाही. बुरशी मेली तरी विष राहतं. असे दाणे जनावरांनाही घालू नका, विष दुधात उतरतं.

*बीजाणू किती वर्षं जगतात?*

जातीवर आणि जागेवर अवलंबून आहे. कोरड्या, थंड जागी पुष्कळ काळ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. अशा संग्रहांत बुरशी गोठवून, वाळवून ठेवतात आणि वर्षांनंतर थोडी ओल आणि अन्न देऊन पुन्हा वाढवतात. तिथे आपण जाणूनबुजून करतो तेच घरच्या दमट कपाटात नकळत होतं.

*मग बुरशी वाईटच का?*

असं कसं म्हणता येईल? पालापाचोळा कुजवून माती करणारे बुरशीच. आपल्या चिकूच्या बागांतला पडलेला पाला नाहीसा होतो तो त्यांच्यामुळे. पेनिसिलिन दिलं बुरशीनेच. माझं म्हणणं एवढंच, की तिच्याशी वागताना ती काय घालून आलीय ते बघा. यंदा पाऊस संपल्यावर कपाट उघडाल तेव्हा हातातलं फडकं कोरडं आहे की साबणाचं, एवढं एकदा तपासा. घरात खोकणारं कुणी असेल तर त्याची रात्र सुखाची जाईल.